भालेरावकाकांची धार

भालेरावकाकांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती जिन्यात, आणि ती चारही मजल्यांनी ऐकली.

दवाखान्याच्या लॅबमधली ड्युटी संपवून मी घरी येत होते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून जरा उभं राहायचं आणि मग उरलेले दोन मजले चढायचे, ही माझी रोजची पद्धत. त्या दिवशी काका वरून उतरत होते. माझ्यासमोर थांबले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बाय, दुसऱ्याच मजल्यावर दम लागतो तुला? वय काय तुझं?"

म्हणाले म्हणजे गरजले. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. मी हळूच म्हटलं, "एक्केचाळीस." काकांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "एक्केचाळीस! मी अडुसष्टचा हाय. रविवारी सहाला खाली ये. बूट घाल, चप्पल चालायची नाय."

मी जाणार नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमधला जो तो विचारायला लागला, "काय सुनिताताई, रविवारी चाललात ना?" शिवाय आठच दिवसांपूर्वी मी माझ्याच लॅबमध्ये माझंच रक्त तपासलं होतं, आणि साखरेचा आकडा बघून तो कागद घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा गेले.

भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाणारी एसटी पकडायची, अकलोलीच्या अलीकडे उतरायचं, भाताच्या खाचरांमधून पंधरा-वीस मिनिटं चालायचं, की एक पाडा लागतो. पाड्याच्या मागे डोंगराची लांबच लांब धार. नकाशात तिला काही नाव असेल, पाड्यावरचे लोक तिला नुसती 'धार' म्हणतात. खाली साग आणि ऐन, वर गेलं की कारवीची दाटी, माथ्यावर मोकळं गवत. तिथं उभं राहिलं की एका बाजूला जंगल एकातएक मिसळत गेलेलं, आणि दुसऱ्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर, पार पडघ्याकडच्या गोदामांचे पत्रे चमकताना दिसतात. पहिल्या रविवारी मी अर्ध्या चढावरच बसले. काका परत खाली आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चढाकडं बघतेस म्हणून दमतेस. पायाकडं बघ. पाय काय, पुढच्या पावलापुरताच असतो." मग पिशवीतून भाकरी आणि सुकटीची चटणी काढून माझ्या हातावर ठेवली. माथा मला तिसऱ्या रविवारी दिसला.

काका जॉबर होते. भिवंडीत हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते: यंत्रमागाच्या शेडमध्ये बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस तो जॉबर. कामगार बारा तासांची शिफ्ट करून घरी जातो. जॉबर मात्र लूम बंद पडला की कुठूनही बोलावला जातो. काकांनी हे काम बत्तीस वर्षं केलं. शेडमधले दोन-दोन डझन लूम एकदम ठोकायला लागले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. त्या आवाजानं काकांचे कान हळूहळू नेले. पुढे मालकानं लूम भंगारात काढले, काका दापोड्याच्या एका गोदामात वॉचमन म्हणून लागले, आणि दिवसभर उभं राहून गुडघे धरले म्हणून कोणीतरी सांगितलं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसा. काका गेले, पाय बुडवून बसले, समोर ही धार दिसली. "गुडघ्यांचा इलाज करायला गेलो नि तेच गुडघे घेऊन वर चढलो," असं ते सांगायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. तेव्हापासून दर रविवारी. हळूहळू बिल्डिंगमधले, गल्लीतले सात-आठ जण त्यांच्यामागून जायला लागले. आम्ही स्वतःला ग्रुप वगैरे म्हणत नव्हतो. काका म्हणायचे, "रविवारची शिफ्ट."

बोलायचं तर त्यांना ओठ दिसायला हवेत, म्हणून चालताना ते बोलत नसत. बोलणं थांबल्यावर. काका थांबले, मागे वळले, की आमची तोंडं सुटायची. ते पुढे वळले की सगळे गप्प. हा नियम कोणी केला नव्हता, पण त्यामुळे झालं असं की भिवंडीची आम्ही बडबडी माणसं जंगलातून तासन् तास मुकाट चालायला शिकलो.

त्यांची एक सवय होती. चालताना एखाद्या झाडाच्या खोडावर तळहात ठेवून क्षणभर उभं राहायचे. लूम चालू असताना त्याच्या अंगावर हात ठेवून कुठला भाग ढिला झालाय हे ओळखायची जॉबरची जुनी खोड. "वर वारा सुटलाय," असं म्हणायचे, आणि खरंच, वर बघितलं की शेंडे हलत असत.

दुसरी सवय मला जास्त लागली. थांबले की विचारायचे, "आत्ता कोण बोलतंय?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी म्हटलं, "कोणी नाही, सगळे गप्प आहेत."

"माणसांचं नाय विचारत. जंगलात कोण बोलतंय?"

मी कान दिला. आयुष्यात पहिल्यांदा नीट दिला असेल. लांबवर काहीतरी टुक-टुक-टुक वाजत होतं. "कोणतरी पत्र्यावर हातोडी मारतंय असं वाटतं."

"एका दमात किती ठोके?"

मी मोजून सांगितले. काकांनी बोटांनी तो ठेका स्वतःच्या मांडीवर धरला, डोळे मिटले, मान हलवली. "चांगला चाललाय. धोटा अडकत नाय कुठं," ते लूमच्या भाषेत म्हणाले.

तो तांबट पक्षी, हे आम्हाला लाडकीबाईनं सांगितलं. लाडकीबाई पाड्यावरची. पन्नाशीची असेल, अंगानं काटकुळी, रोज धारेवर जाणारी: कधी सरपणाला, कधी मोहाची फुलं वेचायला, कधी शेळ्या घेऊन. शेतीच्या दिवसांत स्वतःचं भाताचं खाचर, नाहीतर कोणाच्या वाडीवर मजुरी. काकांची आणि तिची ओळख कशी झाली माहीत नाही. मी गेले तेव्हा त्यांची भांडणं चालू होती, म्हणजे ओळख जुनीच असणार. कधी रविवारी तिला त्याच वाटेनं जायचं असलं की ती आमच्याबरोबर चढायची, अनवाणी, आणि आमच्या बुटांकडे बघून हसायची.

एका रविवारी लाडकीबाई बरोबर होती आणि मी दमले होते. घरी सासूबाई आजारी, आठवडाभर झोप नाही. काका थांबले, वळले, विचारलं, "कोण बोलतंय?" कुठूनतरी शीळ येत होती, माणसानं मजेत घालावी तशी, लांब आणि वळणावळणाची. तिचं वर्णन करायचं मला जिवावर आलं. मी म्हटलं, "काही नाही काका, वारा."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं सांगितलंस ना? लाडकीबाईची मान वळली."

मला इतकी लाज वाटली की मी तिथंच खाली बसले आणि ती शीळ जशी जमेल तशी त्यांना सांगितली. कशी वर जाते, कशी मध्येच मोडते, जणू शीळ घालणारा पुढचं विसरला. काका रागावले नव्हते. "दमलीस तर दमले म्हण," एवढंच म्हणाले. "मी पुढच्या रविवारी ऐकीन. पण नाय म्हणू नकोस. नाय म्हटलं की माझ्यासाठी ते नसतंच ना."

धारेवर वाटांचं जाळं आहे. गुरांच्या, लाकूडवाल्यांच्या, पाण्याकडे जाणाऱ्या. नवखा माणूस हमखास चुकतो. आम्ही जायला लागलो तेव्हा शहरातले इतर लोकही यायला लागले होते, ठाण्याकल्याणचे, पाठीवर सॅक घेऊन. काही चांगले असत, काही मोठाले स्पीकर घेऊन येत. एकदा असाच एक घोळका माथ्यावर गाणी लावून बसला होता. काका सरळ गेले आणि स्पीकरवर तळहात ठेवला. पोरांना वाटलं, म्हातारा बंद करणार. काका म्हणाले, "मशीन चांगलं हाय." मग स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाले, "माझे कान पगारावर गेले. तुम्ही फुकट कशाला देताय?" पोरं हसली. आवाज थोडा कमी केला, बंद काही केला नाही. काकांना तो फरक कळला नाही. आम्ही त्यांना सांगितलं, "बंद केलं हो." यावेळी मला खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही.

तर वाटा. लोक चुकू नयेत म्हणून काकांनी एक युक्ती काढली होती. ओळखीच्या शेडमधून ते वाया गेलेलं सूत आणायचे, रंगीत गुंता, आणि जिथं वाट फुटते तिथं फांदीला त्याच्या गाठी बांधायचे. लाल म्हणजे वळा, पांढरा म्हणजे सरळ. त्या गाठींचा त्यांना फार अभिमान. "हाफिसातले लोक धारेवर येऊन बोर्ड लावणार नाहीत. माझं सूत लावतं," असं म्हणायचे. लोक खरोखर त्या गाठी बघून चालायचे. मीही चालले.

एका सकाळी आम्ही पाड्यावर पोचलो तर लाडकीबाई अंगणात उभी होती. आमचीच वाट बघत असावी. तिच्या हातात पळसाचं पान होतं, घडी घातलेलं. ते तिनं काकांच्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि उघडलं. आत एक लहानसा पक्षी होता, मेलेला. त्याच्या दोन्ही पायांभोवती लाल सूत आवळलेलं.

"सूत घरट्याला नेत व्हता," ती म्हणाली, काकांना दिसेल असं तोंड त्यांच्याकडे करून. "फांदीला उलटा लटकलेला. कवापासून, ठाव न्हाय."

काका खाली बसले. त्यांची बोटं जाड, तेलानं कायमची काळवंडलेली. त्या बोटांनी त्यांनी पायाचा गुंता सोडवायला सुरुवात केली. मेलेल्या पक्ष्याच्या पायाचा. आम्ही सगळे उभे. लाडकीबाई म्हणाली, "आता सोडवून काय." तरी ते सोडवत राहिले. बराच वेळ लागला. मग पक्षी परत पानावर ठेवला आणि विचारलं, "हे सूत कुजत नाय?"

"तुमचं सूत? दोन पावसाळं झालं, तसंच हाय."

त्या दिवशी आम्ही माथ्यावर गेलो नाही. काका पहिल्या फाट्यापाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. ब्लेडनं कापली असती तर लवकर झालं असतं, पण कापलं की तुकडे खाली पडतात, म्हणून ते नखांनी सोडवायचे आणि खिशात भरायचे. आम्ही मदत केली. पुढचे कितीतरी रविवार तेच, आणि आमच्या सुट्ट्या नसलेल्या दिवशी ते एकटे जायचे. कुठे कुठे बांधलं ते त्यांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण एकही जागा विसरले नाहीत. गोळा केलेलं सूत पिशव्या भरून भिवंडीला परत आणलं.

"आधी विचारलं असतं तुला," ते लाडकीबाईला म्हणाले, "तर बरं झालं असतं. तुझ्या घरातून जाताना मी भिंतीला खिळे ठोकत गेलो."

ती म्हणाली, "मग आता विचार."

आणि मग तिनं दाखवलं. फाट्यावर मोठा दगड, त्यावर लहान, आणि लहान दगडाचं निमुळतं तोंड जायच्या दिशेला. पावसाळ्यात दगड हलले की परत लावायचे. एवढंच. तिची आजी असंच करायची. काका तिच्यामागून फिरून शिकले, सत्तरीला टेकलेला माणूस, आणि ती त्यांना ओरडायची, "असं न्हाय, तोंड फिरव त्याचं!" धारेच्या मध्यावर पाड्याच्या देवाचा शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्या आसपासचे दगड उचलायचे नाहीत, हेही तेव्हाच कळलं. काका बुद्धाला मानणारे, त्यांनी तिथं कधी हात जोडले नाहीत. पण त्या जागी ते बसत नसत, खात नसत, आणि आम्हालाही बसू देत नसत.

या दगडांचं काम अर्धवट असतानाच शबानाभाभी हरवल्या.

शबानाभाभी आमच्या मागच्या गल्लीतल्या. नवरा लूमवर, मुलं मोठी झालेली. डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून आमच्याबरोबर यायला लागल्या, आणि आम्हा सगळ्यांत जास्त त्याच रमल्या. त्या रविवारी उतरताना त्या करवंदं तोडायला मागे राहिल्या. आम्ही पाण्याच्या झऱ्यापाशी थांबलो, दहा मिनिटं झाली, वीस झाली, त्या आल्या नाहीत. मागे जाऊन बघितलं, तर जिथं वाट फुटते तिथं पूर्वी लाल गाठ होती. आता गाठ नव्हती आणि दगड अजून लावलेला नव्हता.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. फोन लागत नव्हता. आम्ही सगळे वेड्यासारखे हाका मारत सुटलो. एक इकडे, एक तिकडे. "भाभी! शबानाभाभी!" आमच्यातल्या एकानं वैतागून म्हटलं, "गाठी काढल्या नसत्या तर हे झालं नसतं." काकांची नजर नेमकी त्याच्याच तोंडावर होती.

ते तसेच वळले. पाड्यावर जाऊन लाडकीबाईला बोलावून आणलं. ती आली तोवर दुपार टळून गेली होती. आमच्या हाका चालूच. एकाएकी काकांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "गप्प! सगळे गप्प बसा! सगळेच ओरडताय, मग ऐकणार कोण?"

आम्ही जागच्या जागी थांबलो.

"चुकलेलं माणूस उताराला लागतं," काका म्हणाले. "खाली घर हाय असं वाटतं त्याला. इथून उतार दोनच. एक पाड्याकडं जातो, तिकडून ती आली असती. दुसरा नाळेत." नाळ म्हणजे पावसाळी ओढ्याची घळ. ती खाली जाऊन कड्यावर संपते, तिथून पावसाळ्यात धबधबा पडतो.

आम्ही नाळेच्या तोंडाशी गेलो. काकांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि लाडकीबाईला पुढे केलं. ती उभी राहिली, तोंड किंचित उघडं, डोळे जमिनीवर. काका तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लाडकीबाईची मान डावीकडे वळली, आणि ती काही बोलायच्या आत काका त्या बाजूला उतरायला लागले होते.

"धोंडा घरंगळला," ती म्हणाली. "माणसाचा पाय."

शबानाभाभी कड्यापासून थोड्याच अंतरावर एका खडकाला धरून बसल्या होत्या. पाय मुरगळला होता, हाका मारून मारून घसा बसला होता. त्यांचा आवाज तर मला चार हातांवरून नीट ऐकू आला नाही. काका त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या ओठांकडे बघितलं. बसलेल्या घशाचं बोलणं त्यांना एकट्यालाच कळलं. आम्हाला त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "म्हणते, 'चाचा, मैं तो नीचे ही जा रही थी. नीचे घर है ना.'"

आणि मग भालेरावकाका रडले. मोठ्यानं, कारण हळू रडता येतं हेही ते विसरले असावेत. भाभी, स्वतःचा पाय सुजलेला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "अरे चाचा, मैं मिल गई ना. अब क्यूँ?"

आळीपाळीनं खांद्याचा आधार देऊन त्यांना खाली आणलं. त्या आठवड्यात काका आणि लाडकीबाईनं उरलेले सगळे दगड लावले. भाभी दीड महिन्यानं परत आल्या. त्या फाट्यावरच्या दगडाला त्या जाता-येता सलाम करायच्या आणि काकांना चिडवायच्या, "चाचा, ये मेरा पत्थर है."

काकांची मुलगी मित्रा नाशिकला शिक्षिका आहे. काकू गेल्यापासून ती त्यांना तिकडे बोलावत होती, आणि ते धारेचं नाव सांगून टाळत होते. शेवटी तिनं काय केलं, तर कानाचं मशीन आणलं, चांगल्यातलं. म्हणाली, "पप्पा, निदान फोनवर तरी माझ्याशी नीट बोला."

ते मशीन घालून ते पहिल्यांदा धारेवर आले तेव्हा आम्ही सगळे लहान मुलांसारखे उत्सुक झालो होतो. मी तर आदल्या दिवशी शबानाभाभींना म्हटलं होतं, काका उद्या तांबट ऐकणार. काका गंभीर होते. कारवीतून चालताना दर चार पावलांनी दचकायचे. "हे काय?" "तुमचेच बूट काका, पाचोळ्यावर." "आणि हे?" "तुमची पिशवी घासतेय." माथ्याच्या अलीकडे थांबलो. तांबट बोलत होता, सातभाई कलकलत होते, वारा गवतातून सरकत होता, लांब रस्त्यावर ट्रकचा हॉर्न. माझ्या आयुष्यातली सुंदर सकाळ होती ती. काका डोळे बारीक करून ऐकत उभे राहिले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत.

त्यांनी हळूच मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात घातली.

"काय झालं काका? चालत नाही?"

"चालतंय की. झ्याक चालतंय." जरा थांबून म्हणाले, "पण हे सगळं एकदम बोलतं गं. शेडमधे शिरल्यावानी वाटलं. तू कशी, एकेकाला बोलवून पुढं करतेस." मग खाली बसले, पाठ एका खडकाला टेकवली. "हं. सांग. पहिला कोण?"

मित्राशी फोनवर बोलताना मात्र ते मशीन न चुकता लावायचे. त्या बोलण्याची वेळ ठरलेली होती, आणि त्या वेळी आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज साध्या माणसासारखा यायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओग्राफी झाली, आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. मित्रा येऊन सामान बांधायला लागली. काकांनी वाद घातला नाही, याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं. फक्त म्हणाले, जायच्या आधी एक रविवार द्या.

नाशिकला ते सात महिने राहिले. तिथंही सकाळी गोदावरीकाठी फिरायला जात, आणि ओळख ना पाळख अशा माणसांना थांबवून काय ऐकू येतंय ते विचारत, असं मित्रा सांगायची. मग एका सकाळी तिचा फोन आला. चहा पिता पिता गेले. मी लॅबमध्ये होते. हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या मागून घेतलेल्या रविवारी. ते आमच्याबरोबर पाड्यापर्यंत आले. थंडीचे दिवस, खाचरं कापून मोकळी झालेली. आम्हाला वाटलं होतं, आम्ही वर जायला निघालो की त्यांना जड जाईल. आम्हीच पाय ओढत होतो. त्यांनी हातानं हाकललं, "चला, उन्हं चढतील," आणि लाडकीबाईच्या अंगणात वालाच्या शेंगा सोलायला बसले. ती त्यांना ओरडत होती की दाणे कमी आणि फोलपटंच जास्त टाकतायत टोपलीत.

आम्ही माथ्यावर फार थांबलो नाही. उतरून आलो तेव्हा अंगणात बाज टाकलेली होती आणि काका तिच्यावर झोपले होते. उताणे, टोपी पोटावर, तोंड थोडं उघडं. एक कोंबडी बाजेखाली माती उकरत होती. लाडकीबाई सोललेल्या दाण्यांची टोपली घेऊन उंबऱ्यात बसली होती. आम्हाला बघितल्याबरोबर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आणि आम्ही सात जण, मोठी माणसं, चवड्यांवर चालत, एकमेकांना धरत, श्वाससुद्धा जपून घेत, अंगणाच्या कडेकडेनं पलीकडे गेलो. शबानाभाभींच्या हातातली बाटली निसटली, दगडावर ठणकन आपटली. सगळे जागीच थिजले. मग भाभींच्या लक्षात आलं आणि त्यांना हसू आवरेना, मग मला, मग लाडकीबाईलाही. तोंडावर पदर दाबून ती गदगदा हसत होती.

काका झोपलेलेच होते. एसटी यायला अजून अर्धा तास होता. आम्ही त्यांना उठवलं नाही.